ऑनलाइन लिलावातून जुना लेथ घ्यायचा आहे : जीएसटी, प्रीमियम आणि बिलाबाबत मार्गदर्शन हवे

माकरपुरा_टर्निंग

सर्व मंडळींना नमस्कार. बडोद्यात माकरपुरा जीआयडीसीमध्ये (औद्योगिक वसाहतीत) माझे जॉबवर्कचे छोटे वर्कशॉप आहे. पंप आणि व्हॉल्व्हचे शाफ्ट, बुश, फ्लँज अशी टर्निंगची कामे आम्ही करतो. सध्याचे दोन्ही लेथ (धातू फिरवत कापणारी यंत्रे) लहान पडतात आणि मोठ्या व्यासाचा फ्लँज आला की तो बाहेरून करून घ्यावा लागतो. नवा जड लेथ घेण्याइतके भांडवल आज हाताशी नाही, म्हणून जुना पण चांगल्या बांधणीचा लेथ शोधत होतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कंपनीने आपले युनिट बंद केले असून तेथील यंत्रांचा ऑनलाइन लिलाव लवकरच होणार आहे. यादीत एचएमटी कंपनीचा एक एनएच-२६ लेथ आणि एक रेडियल ड्रिल (फिरत्या आर्मचे भोके पाडणारे यंत्र) आहे. लेथ मला हवा आहे; रेडियल स्वस्तात मिळाले तरच घेईन. लिलावाच्या अटींत पुढील गोष्टी लिहिल्या आहेत : माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर विकला जाईल, बोलीच्या रकमेवर जीएसटी वेगळा लागेल, लिलाव घेणाऱ्या संस्थेचे ५ टक्के प्रीमियम आणि त्यावरचा जीएसटी वेगळा, ईएमडी (अनामत रक्कम) आधी भरायची, बोली मंजूर झाल्यावर ठरलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम भरून माल उचलायचा, नाहीतर दररोज जागाभाडे.

माझ्या शंका अशा. यंत्र जुने आहे, त्यावर एकदा कर भरून झालेला आहे, मग पुन्हा पूर्ण १८ टक्के कर कसा? हा कर मला परत मिळतो का, की तो किमतीत धरूनच बोली लावायची? यंत्र महाराष्ट्रात आणि मी गुजरातमध्ये, याने काही फरक पडतो का? आमचे वर्कशॉप नियमित पद्धतीने जीएसटीमध्ये नोंदलेले आहे, कंपोझिशनमध्ये (छोट्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत) नाही. एकूण साधारण पाच लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. ज्यांनी असे व्यवहार केले आहेत किंवा पाहिले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दांडियाबाजार_करसल्ला

आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे, कारण या शंकांची उत्तरे बोली लावण्याआधी मिळाली तरच उपयोगाची असतात. बोली मंजूर झाल्यानंतर ईएमडी अडकलेली असते आणि समोरच्याला आपल्यासाठी काही बदलण्याची गरज उरत नाही.

पहिली शंका कराच्या दराची. जीएसटी कायद्यात यंत्र जुने आहे म्हणून दर कमी होत नाही. मालाच्या वर्गवारीत लेथ ८४५८ या शीर्षकाखाली येतो आणि रेडियल ड्रिल ८४५९ खाली. दोन्हींचा दर १८ टक्के आहे. जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांसाठी नियम ३२ मध्ये एक वेगळी तरतूद आहे : व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट (पुढच्या करातून वजावट) घेतलेले नसेल आणि माल आहे तसा किंवा किरकोळ डागडुजी करून विकला असेल, तर तो खरेदी-विक्रीच्या फरकावरच कर भरू शकतो. पण आपला विक्रेता व्यापारी नाही, तर स्वतःच्या कारखान्यातील भांडवली यंत्र विकणारी कंपनी आहे. तिने यंत्रावर क्रेडिट घेतले असेल तर कलम १८ प्रमाणे तिला दोन रकमांपैकी जी मोठी असेल ती भरावी लागते : विक्रीच्या किमतीवरचा कर, किंवा मूळ क्रेडिटमधून प्रत्येक तिमाहीला पाच टक्के वजा करून उरलेली रक्कम. एनएच-२६ सारखे जुने यंत्र वीस तिमाह्यांच्या बरेच पुढे गेलेले असते, त्यामुळे व्यवहारात विक्रीच्या किमतीवर १८ टक्के हेच खरे. हा नियम लक्षात ठेवा, कारण उद्या हे यंत्र पाच वर्षांच्या आत तुम्ही विकलेत तर तोच हिशेब तुमच्यासाठीही होईल.

दुसरी शंका परत मिळण्याची. नियमित नोंदणी असलेल्याला आणि यंत्र करपात्र कामासाठीच वापरणाऱ्याला या कराचे पूर्ण क्रेडिट मिळते. एक्साइजच्या काळात भांडवली मालाचे क्रेडिट पहिल्या वर्षी निम्मे आणि पुढच्या वर्षी निम्मे मिळत असे. १ जुलै २०१७ पासून ती अट राहिली नाही, क्रेडिट एकदमच मिळते. मात्र ‘मिळते’ म्हणजे बँकेत पैसे येतात असे नव्हे. ते तुमच्या विक्रीवरच्या करातून वळते होते. समजा लेथ तीन लाख नव्वद हजारांना मिळाला. ५ टक्के प्रीमियम १९,५०० रुपये. दोन्ही मिळून ४,०९,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के म्हणजे ७३,७१० रुपये कर. एकूण ४,८३,२१० रुपये तुम्हाला मुदतीच्या आत भरावे लागतील. तुमच्या कामांवर खरेदीचे क्रेडिट वजा जाता महिन्याला साधारण पंधरा हजार रुपये कर भरावा लागत असेल, तर हे क्रेडिट वसूल व्हायला पाच महिने जातील. भांडवली मालाचे साचलेले क्रेडिट रोख परतावा म्हणून मागण्याची सोय सर्वसाधारणपणे नाही. म्हणून हा कर यंत्राच्या किमतीत धरू नका, पण खेळत्या भांडवलात नक्की धरा. कंपोझिशनवाल्याला किंवा नोंदणी नसलेल्याला मात्र हा कर सरळ खर्चच असतो. त्यामुळे एकाच लेथसाठी तुमची आणि त्याची कमाल बोली सारखी असूच शकत नाही.

तिसरी शंका, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, दोन राज्यांची. यंत्र ठाण्यातून निघून बडोद्याला येणार आहे. आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर) कायद्याच्या कलम १० प्रमाणे मालाची वाहतूक जिथे संपते ते पुरवठ्याचे ठिकाण; ट्रक विक्रेत्याने पाठवला की खरेदीदाराने, याने फरक पडत नाही. म्हणजे तुमच्या बिलावर १८ टक्के आयजीएसटी लागला पाहिजे. पण काही विक्रेत्यांचे हिशेबनीस असे धरून चालतात की माल आमच्या फाटकात दिला, म्हणजे विक्री महाराष्ट्रातच झाली, आणि ९ टक्के केंद्राचा सीजीएसटी व ९ टक्के महाराष्ट्राचा एसजीएसटी लावतात. रक्कम तीच दिसते, त्यामुळे खरेदीदाराच्या ते लक्षात येत नाही. पण गुजरातच्या नोंदणीवर महाराष्ट्रातल्या त्या कराचे क्रेडिट घेता येत नाही. सत्तर-पंचाहत्तर हजार रुपये कायमचे जातात. माझ्या माहितीतल्या एका वर्कशॉपचे क्रेडिट नेमके यावरच अडले, आणि तोवर विक्रेत्या कंपनीची नोंदणी रद्द झालेली असल्याने बिल दुरुस्त करून देणारेच कोणी उरले नव्हते.

म्हणून आज लिलाव घेणाऱ्या संस्थेला ईमेल करा आणि चार गोष्टी लेखी मागा : टॅक्स इन्व्हॉइस (कराचे बिल) कोण देणार, कोणत्या जीएसटी क्रमांकावरून देणार, त्यावर माझा गुजरातचा क्रमांक असेल ना, आणि कर आयजीएसटी लागेल ना. मिळालेला क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून पाहा. नोंदणी चालू आहे का आणि रिटर्न भरले जात आहेत का, हे तिथे कोणालाही दिसते. बिल हाती असले, माल पोहोचला असला, तरी विक्रेत्याने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवले नाही तर ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) उतरत नाही आणि क्रेडिट घेता येत नाही. बंद पडणाऱ्या कंपनीच्या बाबतीत ही भीती कागदोपत्री नसते, खरी असते.

प्रीमियमचे बिल लिलाव घेणारी संस्था स्वतंत्रपणे देईल. तेही तुमच्याच जीएसटी क्रमांकावर घ्या. आणि यंत्रावर घसारा काढताना कराची रक्कम वगळून काढा, कारण कराच्या रकमेवर घसारा काढला की तिचे क्रेडिट मिळत नाही. आयकरातील वाढीव घसारा फक्त नव्या यंत्राला असतो, जुन्याला नाही.

पोर_रमणगामडी_मेंटेनन्स

कराबाबत वर फार चांगले लिहिले आहे. मी यंत्राच्या बाजूने लिहितो, कारण क्रेडिट पूर्ण मिळाले आणि लेथ मात्र टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) कापू लागला, तर वाचलेल्या कराचे समाधान फार दिवस टिकत नाही.

‘जसा आहे, जिथे आहे’ याचा अर्थ असा की यंत्राबद्दल विक्रेता कसलीही हमी देत नाही; फोटोवरून बोली लावली आणि नंतर स्पिंडल (मुख्य फिरता दांडा) अडकलेला निघाला, तरी तक्रार ऐकली जाणार नाही. म्हणून पाहणीचा दिवस चुकवू नका आणि स्वतःबरोबर एक जुना, हाताने काम केलेला टर्नर घेऊन जा. बंद युनिटमध्ये वीज बहुधा तोडलेली असते, त्यामुळे लेथ चालवून पाहता येणार नाही असे धरूनच निघा. वीज नसतानाही बरेच काही कळते.

सर्वांत आधी बेड, म्हणजे लेथचा लांब पाया, पाहा. लेथचे नव्वद टक्के काम चकाजवळच्या (चक म्हणजे काम पकडून फिरवणारा भाग) हातभर लांबीत झालेले असते, त्यामुळे बेड तिथेच घासतो आणि टेलस्टॉककडचा, म्हणजे दुसऱ्या टोकाचा, भाग जवळजवळ कोरा राहतो. सॅडल (बेडवर सरकणारा, हत्यार धरणारा भाग) चकाजवळ आणा, त्याचा लॉक किंचित घट्ट करा, इतकाच की हाताने चाक फिरवल्यावर तो जड पण सरकेल. आता तो टेलस्टॉककडे नेत जा. वाटेत तो जास्त जड होत गेला किंवा अडकला, तर चकाजवळ बेड खाली बसला आहे हे नक्की. थोडी झीज प्रत्येक जुन्या लेथला असते आणि फ्लँज-बुशच्या कामाला ती चालून जाते; पण तुम्हाला लांब शाफ्ट करायचे असतील तर बेड ग्राइंड करून सॅडल स्क्रेप करण्याचा खर्च बोलीतून वजा करा. हे काम करणारे चांगले कारागीर आता कमी राहिले आहेत आणि त्यांचा दर योग्यच असतो.

त्यानंतर स्पिंडल. चकाच्या वरच्या बाजूस डायल (बारीक हालचाल मोजणारे मापक) लावा, चकाखाली लाकडी दांडा घालून हलके उचला आणि काटा किती हलतो ते पाहा. काटा ठळक हलला तर बेअरिंग सैल आहे. कधी ते नुसते कसावे लागते, कधी बदलावे लागते. हेडस्टॉकचे (चकामागच्या गिअर-पेटीचे) सगळे गिअर एकेक करून टाका आणि प्रत्येक वेळी चक हाताने पूर्ण फिरवा. एका ठरावीक जागी ठेच लागली की दात तुटलेला आहे असे समजा. परवानगी मिळाली तर हेडस्टॉकच्या तळाच्या प्लगमधून थोडे तेल बोटावर घ्या. काळे तेल चालेल, पण त्यात चकाकणारी चांदीसारखी कणी दिसली तर आतले काम काढावे लागणार. क्रॉस-स्लाइडचे (हत्यार आडवे सरकवणाऱ्या भागाचे) चाक एका दिशेला फिरवून मग उलटे फिरवा आणि स्लाइड हलायला किती आकडे रिकामे जातात ते मोजा. हा बॅकलॅश नट बदलून बराच कमी होतो, त्यामुळे त्याला घाबरू नका. लीडस्क्रूचे (आटे कापताना सॅडल सरकवणाऱ्या लांब स्क्रूचे) मात्र चकाजवळचे आटे आणि टेलस्टॉककडचे आटे शेजारी शेजारी ठेवल्यासारखे ताडून पाहा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे सोबतचे सामान. तीन-जॉ चक, चार-जॉ चक, फेस-प्लेट, स्टेडी (लांब कामाचा आधार), चेंज गिअर (आट्यांचे माप बदलणारे गिअर), टेलस्टॉकचा सेंटर हे सर्व लेथच्याच लॉटमध्ये आहे, की ‘टूल-रूमचे किरकोळ सामान’ म्हणून वेगळ्या लॉटमध्ये टाकले आहे, हे विचारून घ्या. लेथवर जे बसवलेले दिसते त्याचे फोटो तारखेसह काढून ठेवा. मोठ्या मापाचा चार-जॉ चक वेगळा विकत घ्यावा लागला तर स्वस्तात मिळालेल्या लेथचा सगळा फायदा तिथेच संपतो.

रेडियल ड्रिलमध्ये आर्म वर-खाली करणारा स्क्रू आणि त्याचा नट, कॉलमचा क्लॅम्प नीट धरतो का, आणि स्पिंडलच्या टेपरमध्ये खरचटलेले आहे का, एवढे पाहिले तरी पुरे.

माझे मत विचाराल तर एचएमटीच्या त्या काळच्या लेथची बीडाची ढलाई आणि गिअर यांच्या तोडीचे यंत्र आज त्या किमतीत नवे मिळत नाही. बेड चांगला निघाला तर निःशंक घ्या.

माकरपुरा_टर्निंग

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे लिलाव घेणाऱ्या संस्थेला ईमेल केला आहे. यादी पुन्हा नीट वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती विचारतो. लेथ स्वतंत्र लॉटमध्ये आहे आणि त्याचे वर्णन ‘सेंटर लेथ, जुने व वापरलेले’ असे आहे. पण रेडियल ड्रिल ज्या लॉटमध्ये आहे त्याचे वर्णन ‘एक रेडियल ड्रिल, दोन मोडके पेडेस्टल ग्राइंडर, लोखंडी रॅक व इतर भंगार’ असे आहे आणि त्या लॉटवर टीसीएस लागेल अशी वेगळी ओळ आहे. हे काय प्रकरण आहे? तसेच दुसऱ्या एका संकेतस्थळावर एका सरकारी प्रशिक्षण संस्थेचे मिलिंग यंत्र लिलावात आहे. तिथे ‘जीएसटी खरेदीदाराने भरावा’ एवढेच लिहिले आहे. म्हणजे विक्रेत्याच्या बिलात जीएसटी लागणारच नाही आणि तो भरावाच लागणार नाही असे समजायचे का?

दांडियाबाजार_करसल्ला

भंगार म्हणून विकलेल्या लोखंडावरही जीएसटी १८ टक्केच आहे, त्यामुळे दर पाहून फरक कळत नाही. फरक इतर बाबतीत पडतो. आयकर कायद्याप्रमाणे भंगार विकणारा खरेदीदाराकडून टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतलेला आयकर) गोळा करतो. तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो आणि आयकर रिटर्नमध्ये वळता होतो, म्हणजे तो खर्च नाही, पण तेवढे पैसे त्या दिवशी जास्त लागतात. दुसरे असे की १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारावर जीएसटीतही नवे नियम आले. नोंदणीकृत खरेदीदाराने नोंदणीकृत विक्रेत्याकडून अडीच लाखांपेक्षा जास्त मूल्याचे धातूचे भंगार घेतले तर खरेदीदाराला २ टक्के टीडीएस (विक्रेत्याला पैसे देतानाच कापायचा कर) कापून भरावा लागतो आणि त्यासाठी वेगळी नोंदणी घ्यावी लागते. एका रेडियल ड्रिलसाठी हा सगळा खटाटोप करण्यात अर्थ नाही. विक्रेत्याला विनंती करा की बिलात रेडियल ड्रिल ८४५९ खाली वेगळ्या ओळीत आणि उरलेले भंगार वेगळ्या ओळीत दाखवावे. चालू स्थितीतले यंत्र तुमच्या वहीत भंगार म्हणून आले तर पुढे बँकेला तारण दाखवताना, विमा काढताना आणि घसारा काढताना प्रत्येक वेळी खुलासा द्यावा लागेल. काही लिलावांत भंगार म्हणून घेतलेले यंत्र जागेवरच मोडून न्यावे अशीही अट असते. ती या लॉटला लावलेली नाही ना, हे आधी पाहा.

सरकारी संस्थेबाबतचा तुमचा तर्क मात्र बरोबर नाही. केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था यांनी जुना वापरलेला माल नोंदणीकृत व्यक्तीला विकला तर त्यावर रिव्हर्स चार्ज लागतो. ऑक्टोबर २०१७ पासून ही तरतूद आहे. म्हणजे संस्था बिलात कर लावणार नाही, पण तो कर तुम्ही स्वतः सरकारजमा करायचा. तो रोख भरावा लागतो, साठलेल्या क्रेडिटमधून नाही. भरल्यावर मात्र त्याचे क्रेडिट घेता येते. विक्रेता नोंदणीकृत नसेल तर स्वतःच्या नावे बिल तयार करावे लागते. ‘बिलात कर नव्हता म्हणून भरला नाही’ हे उत्तर तपासणीत चालत नाही, आणि व्याज तुमच्यावर बसते. रेल्वे या नियमात पूर्वी होती. २० ऑक्टोबर २०२३ पासून रेल्वे स्वतःच कर लावते. सरकारी मालकीच्या कंपन्या म्हणजे सरकार नव्हे, त्या पहिल्यापासून इतर विक्रेत्यांप्रमाणे बिलात कर लावतात. आपल्या बडोद्याच्या परिसरात तिन्ही प्रकारचे विक्रेते आहेत, म्हणून प्रत्येक लिलावात विक्रेता नेमका कोण आहे हे आधी ठरवावे.

बँकेने जप्त केलेल्या यंत्रांच्या लिलावात आणखी काळजी घ्यावी लागते. तिथे सेल सर्टिफिकेट मिळते, आणि ते मालकीचा पुरावा असले तरी टॅक्स इन्व्हॉइस नव्हे. इन्व्हॉइस कोण देणार हे लेखी कळले नाही, तर क्रेडिट मिळणार नाही असे धरून बोली लावावी.

मांजलपूर_वाहतूक

माझा व्यवसाय यंत्रे हलवण्याचा आहे, त्यामुळे त्या बाजूचे लिहितो. लेथ दोन टनांहून जड असतो. शेडमधून बाहेर काढायला जॅक, पहारी आणि रोलर, आणि गाडीवर चढवायला हायड्रा क्रेन, एवढे तरी लागतेच. पाहणीला जाल तेव्हा लेथ कुठे उभा आहे ते पाहा : हायड्रा शेडच्या आत जाऊ शकेल का, दरवाज्याची उंची किती, वाटेत दुसऱ्या कोणाचे घेतलेले यंत्र आडवे तर नाही. अशा लिलावात पंचवीस-तीस खरेदीदार एकाच आठवड्यात माल उचलायला येतात आणि ज्याचे यंत्र भिंतीकडे असते त्याची वाट इतरांच्या सवडीवर अवलंबून राहते. जागाभाडे मात्र त्याच्याच नावावर चढत राहते. माल उचलण्याची वेळ आधी ईमेलवर ठरवून घ्या. पुष्कळ कंपन्या माणसांचा विमा आणि सुरक्षा-शूज, हेल्मेट असल्याशिवाय आत सोडत नाहीत.

स्लिंग कधीही लीडस्क्रूच्या किंवा फीड-शाफ्टच्या खालून घालू देऊ नका. घाईत असलेले लोक नेमके तेच करतात आणि वाकलेला लीडस्क्रू घरी पोहोचल्यावर लक्षात येतो. सॅडल टेलस्टॉककडे नेऊन लॉक करावा, म्हणजे तोल साधतो, आणि उघड्या बेडवर ग्रीस लावून कागद चिकटवावा.

ई-वे बिलाबाबत (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा दाखला) : माल पन्नास हजारांपेक्षा जास्त किमतीचा आणि दुसऱ्या राज्यात जाणारा, म्हणून ते लागणारच. विक्रेता करून देत नसेल तर नोंदणीकृत खरेदीदार स्वतः करू शकतो. ठाणे ते बडोदे साधारण ४०० किलोमीटर धरले तर दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने दोन दिवसांची मुदत मिळते. तेवढी पुरते, पण ई-वे बिल गाडी भरून झाल्यावरच पूर्ण करा, म्हणजे भाग ‘ब’ मध्ये गाडीचा क्रमांक तेव्हाच टाका. आत हायड्राची वाट पाहण्यात दिवस गेला आणि मुदत आधीच सुरू झालेली असली की वाटेत अडचण येते. शिवाय वाहतुकीच्या बिलावर वाहतूकदाराने कर लावला नसेल तर ५ टक्के रिव्हर्स चार्ज तुम्हाला भरावा लागतो. त्याचेही क्रेडिट मिळते.

वाटेतला विमा जरूर घ्या. ‘जिथे आहे’ या अटीमुळे वाटेतली जोखीम तुमचीच असते.

माकरपुरा_टर्निंग

ईमेलचे उत्तर आले. टॅक्स इन्व्हॉइस विक्रेती कंपनी देणार आहे, माझ्या गुजरातच्या क्रमांकावर, आयजीएसटी लावून. क्रमांक पोर्टलवर पाहिला. नोंदणी चालू आहे आणि मागच्या महिन्यापर्यंतचे रिटर्न भरलेले आहेत. चार-जॉ चक आणि स्टेडी लेथच्या लॉटमध्येच आहेत, चेंज गिअरबाबत मात्र त्यांनी ‘जागेवर पाहून घ्या’ असे कळवले आहे. रेडियलच्या लॉटचे बिल वेगळ्या ओळींत देणार नाही असे सांगितल्यामुळे तो विचार सोडला.

पाहणीला आमचे जुने टर्नर काका बरोबर येणार आहेत. वाहतूक, हायड्रा, फाउंडेशन आणि किरकोळ दुरुस्तीसाठी नव्वद हजार बाजूला ठेवले, म्हणजे बोली आणि प्रीमियम मिळून चार लाख दहा हजार उरतात. त्यामुळे तीन लाख नव्वद हजार ही वरची मर्यादा ठरवली आहे, आणि करापोटीच्या त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर हजारांसाठी बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यात जागा करून ठेवली आहे. बेड घासलेला निघाला तर ही मर्यादा किती खाली आणावी?

पोर_रमणगामडी_मेंटेनन्स

बेड ग्राइंडिंग आणि सॅडल स्क्रेपिंगचा दर आधीच माकरपुऱ्यातल्या किंवा विठ्ठल उद्योगनगरातल्या कारागिराकडून फोनवर विचारून ठेवा. बेडची लांबी सांगितली की ते अंदाज देतात. तो खर्च, बेड तिथपर्यंत नेण्या-आणण्याचे भाडे, आणि लेथ बंद राहील त्या काळात बाहेर पाठवाव्या लागणाऱ्या कामाचा फरक, हे तिन्ही मर्यादेतून सरळ वजा करा. पाहणीहून परत आलात की सॅडल सरकवण्याची चाचणी आणि स्पिंडलच्या डायलचे आकडे इथे टाका, मग नेमके सांगता येईल. चेंज गिअर मोजताना पेटीतले आणि लेथवर चढवलेले दोन्ही मोजा, आणि हेडस्टॉकच्या बाजूच्या दारावर आट्यांचा तक्ता शाबूत असेल तर त्याचा स्वच्छ फोटो घ्या. कोणता गिअर कमी आहे ते त्या तक्त्यावरून घरी बसूनही काढता येते.